दोर

देवघेव विभाग. दारावर पाटी: स्देन्का मिमिका, प्रमुख.
प्रमुख म्हणजे किल्ल्या माझ्याकडे,
आणि जिना झाडायला कुणी नसलं की झाडूही.

ओन्दिना एप्रिलात निवृत्त झाली.
तिची जागा 'विचाराधीन' आहे,
नगरपालिकेचं पत्र दर दोन महिन्यांनी हेच सांगतं,
शिक्का तेवढा नवा असतो.
तोवर तिच्या टेबलावर मी ढीग ठेवते.
परवा ढिगाच्या तळाशी तिचा चष्मा सापडला.
घालून पाहिला.
ढीग आणखी मोठा दिसला.

एलिसेओ अर्धा दिवस येतो,
मंगळवार-शुक्रवार तेवढाही नाही,
आईला डायलिसिसला न्यायचं असतं त्याला.
त्या दोन दिवशी मीच परत आलेली पुस्तकं लावते,
मीच हळू बोला म्हणते,
आणि हळू बोला म्हणताना माझाच आवाज चढतो.

पलीकडच्या मेंढवाड्याच्या मालकीणबाईंनी
नवरा गेल्यावर एक्केचाळीस खोकी पाठवली.
एकही फेकू नका, अशी अट.
खोक्यांना अजून लोकरीचा वास आहे.
कादंबऱ्यांच्या मधोमध निघाली एक वही:
कातरलेल्या मेंढ्या, रोजच्या रोज, बारीक अक्षरात,
चार हजार एकशे बारा.
मला मार्चच्या आत सव्वीस हजार पुस्तकं मोजायची आहेत.
'पुस्तकं निदान पळत तरी नाहीत,' एलिसेओ म्हणाला.
पळतात रे.

वेळेच्या नियोजनावर वर्ग झाला,
जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे जेवण बुडवून.
तिथल्या मुलाने कामांचे चार ढीग करायला सांगितले:
तातडीचं, महत्त्वाचं, दोन्ही असलेलं, दोन्ही नसलेलं.
मी केले. खरंच केले, सुबक, रंगीत चिठ्ठ्या लावून.
मग कुणीतरी बाहेरचं दार उघडलं
आणि सामुद्रधुनीवरच्या वाऱ्याने
चारांचा पुन्हा एक करून दिला.
त्याला फरक कळला नसावा.
खरं सांगायचं तर मलाही.

डिसेंबरात इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो.
घरी जा, असं आकाश म्हणतच नाही.
काल नऊ वाजता मी मासिक अहवालात
'प्रलंबित' हा शब्द सोळाव्यांदा लिहिला,
उरलेला माते थंडच प्यायले
आणि दिवे मालवले.

कोपऱ्यावर दोर बांधलेला असतो,
वाऱ्याच्या महिन्यांत, माणसांनी धरून चालावं म्हणून.
मी तो दोन्ही हातांनी धरला.
समोरून, त्याच दोराला लोंबकळत,
म्हातारे हेर्मोहेनेस बार्रीआ आले.
अकरा वर्षं.
माझ्या थकबाकीच्या यादीतलं पहिलं नाव.
सात पत्रं धाडली होती,
शेवटच्या पत्रात 'खेद' हा शब्द दोनदा.

'सापडलं!' ते वाऱ्यातून ओरडले,
'पलंगाखाली होतं, तुमच्याकडेच निघालो होतो!'
कोटाच्या छातीशी चौकोनी फुगवटा दिसत होता.
ते एका हाताने बटण काढायला गेले,
तसे पाय घसरले त्यांचे.
'धरा!' मी ओरडले. 'आधी दोर धरा!'
त्यांनी धरला.
आम्ही दोघं तसेच उभे,
नाकासमोर नाक,
चारही हात दोरावर,
पुस्तक द्यायला त्यांच्याकडे हात नाही,
घ्यायला माझ्याकडे.

आयुष्यभर देवघेवीत घालवून
अशी देवघेव मी पाहिली नव्हती.

'उद्या आणू का?' त्यांनी विचारलं.
आणि मला स्वतःचाच आवाज ऐकू आला,
चढलेला नाही, वाऱ्यात जेमतेम पोचेल इतकाच:
'आणा. घाई नाही.'

मग कोण कुणाला ओलांडणार यावर
थोडा वेळ गेला.
शेवटी मी खाली वाकले,
ते माझ्या पाठीवर कोपर टेकून पुढे सरकले,
पुस्तकाचा कोपरा खांद्याला टोचला
आणि गेला.

आज सकाळी यादीतलं त्यांचं नाव तसंच ठेवलंय.
एलिसेओ आलेला नाही, शुक्रवार आहे.
खोकी एकोणचाळीस उरलीत.
दार वाऱ्याने हललं की मी वर बघते.